नव्या सॉल्टवॉटर टँकमधलं तपकिरी शेवाळ: पाणी बदललं की दोन दिवसांत परत येत असेल तर आधी हे बघा

घरी समुद्री माशांचा खाऱ्या पाण्याचा टँक लावून तिसरा आठवडा चालू होता. आई गावाहून आलेली, सकाळी चहाचा कप घेऊन टँकसमोर बसली आणि म्हणाली, "अरे, ह्यात तपकीर कुणी सांडली?" मला हसू आलं, पण जवळ जाऊन बघितलं तर खरंच तसंच दिसत होतं, पांढऱ्याशुभ्र रेतीवर जिथे लाइट पडतो तिथे तपकिरी भुकटी पसरलेली, रॉकवर तोच रंग आणि पुढच्या काचेवर बोट फिरवलं असतं तर नाव लिहिता आलं असतं इतका थर. आदल्या रात्री यातलं फारसं काही नव्हतं.

नवीन मरीन टँकवाल्या जवळपास प्रत्येकाला हे दिसतं. पहिल्यांदा आलेलं आपोआप जातं, त्यासाठी एवढं लिहायची गरज नव्हती. माझा त्रास वेगळा होता, ते जायचं आणि परत यायचं, सहा महिन्यांत चार वेळा. लोक सांगतात "धीर धर, टँक मॅच्युअर होऊ दे", मीही धरला, पण कारण पाण्यातच असेल तर धीर धरून काय होणार.

आधी हे आहे काय ते सांगतो, म्हणजे पुढचे उपाय का करायचे ते कळेल. हे डायटम. एकपेशीय शैवाल, आणि यांचं वैशिष्ट्य म्हणजे प्रत्येक पेशीभोवती काचेची डबी असते, म्हणजे सिलिकाची, झाकणासकट. फ्युकोझँथिन नावाच्या रंगद्रव्यामुळे हिरवं न दिसता तपकिरी दिसतं. डबी बनवायला त्याला पाण्यात विरघळलेलं सिलिकेट लागतं आणि ते संपलं की वाढ थांबते. खऱ्या समुद्रातही हेच चालतं, वरच्या थरात सिलिकेट बऱ्याचदा अगदी कमी सापडतं कारण डायटमच ते खाऊन टाकतात. (मेलेल्या डायटमच्या डब्यांचे समुद्राच्या आणि तळ्यांच्या तळाशी थरच्या थर साचतात, नोबेलने १८६७ मध्ये डायनामाइटचं पेटंट घेतलं त्यात नायट्रोग्लिसरीन शोषून घ्यायला वापरलेली माती हीच. तेव्हा रेतीवरच्या त्या धुळीला अगदीच किरकोळ समजू नका.)

नव्या टँकमध्ये नवी रेती, नवा रॉक, नवं मीठ आणि नळाचं पाणी या सगळ्यातून थोडं थोडं सिलिकेट येतं, आणि जागा अडवायला दुसरं शेवाळ अजून तयार झालेलं नसतं. मग डायटमला मोकळं रान. साधारण दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात येतात, होतं तेवढं सिलिकेट वापरतात आणि ओसरतात. आपल्याकडे बहुतेक जण ड्राय रॉकवर (म्हणजे जीव नसलेल्या कोरड्या दगडावर) टँक सुरू करतात आणि तेच बरोबर आहे, समुद्रातून प्रवाळ काढणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, कुणी "ओरिजिनल लाइव्ह रॉक आहे, गुपचूप देतो" (म्हणजे समुद्रातून जीवांसकट काढलेला प्रवाळी दगड) म्हणाला तर लांबूनच नमस्कार करा. पण कोरा रॉक म्हणजे सगळ्या पृष्ठभागावर पहिला कब्जा कोणाचा याची शर्यत, आणि ती बऱ्याचदा डायटमच जिंकतात.

आता, ते डायटमच आहे का हे आधी पक्कं करा. यात लोक फार चुकतात आणि मग उलटे उपाय करून बसतात.

डायटम भुकटीसारखं असतं. काचेवरून काच पुसायचा मॅग्नेट फिरवला की एका फटक्यात निघतं आणि पाण्यात तपकिरी धूर होतो. रेतीवर पंपाचा झोत वळवला की उडतं. मरून किंवा लालसर रंगाची सलग साय असेल आणि कडेला धरून ओढली की पापडाच्या पापुद्र्यासारखी निघत असेल तर ते सायनो (सायनोबॅक्टेरिया), वेगळं प्रकरण. आणि तपकिरीच आहे पण शेंबडासारखं, तार सुटते, तारांच्या टोकाला हवेचे बुडबुडे अडकलेत, रात्री लाइट बंद झाल्यावर कमी होतं आणि दुपारपर्यंत परत तेवढंच, शिवाय गोगलगायी सुस्त पडतायत किंवा मरतायत, तर डायनोफ्लॅजेलेट्सचा (थोडक्यात डायनो, हेही एकपेशीयच) संशय घ्या. डायनोच्या काही जाती विषारी असतात. आणि ते बऱ्याचदा नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर गेल्यावर येतात, म्हणजे तुम्ही डायटम समजून पाणी अजून अजून स्वच्छ करत गेलात तर डायनोला पाट मांडून दिल्यासारखं होतं.

घरच्या घरी टेस्ट अशी. सिरिंजने थोडी घाण ओढायची, टँकच्याच पाण्यासकट छोट्या बाटलीत घालायची, झाकण लावून जोरात हलवायची, मग कॉफी फिल्टरमधून किंवा दुहेरी टिश्यूतून गाळायची आणि खाली आलेलं पाणी काचेच्या ग्लासात तासभर लाइटखाली ठेवायचं. तासाभराने त्यात परत तार धरून गोळा झाला तर डायनो. डायटम असेल तर पाणी तसंच राहतं, फार तर तळाला धूळ बसते. मी हे रात्री अकराला किचनच्या ओट्यावर केलं, सकाळी बायकोला ओट्यावर तपकिरी टिश्यू आणि स्टीलच्या गाळणीशेजारी सिरिंज दिसली, त्यावर काय झालं ते इथे लिहीत नाही. मुलाच्या शाळेतलं किंवा खेळण्यातलं मायक्रोस्कोप मिळालं तर आणखी सोपं, डायटम होडीसारखे किंवा काडीसारखे रेखीव दिसतात, कडा एकदम नीट.

माझं डायटमच निघालं. पहिली फेरी फेब्रुवारी अखेर आली आणि मार्चच्या शेवटी गेली, तेव्हा मी ठरवून काही केलं नव्हतं, काच पुसायचो आणि लाइट सात तासांवर आणला एवढंच. दोन क्लाउन मासे आणले, सगळं छान. मग एप्रिलमध्ये दुसरी फेरी. रविवारी पाणी बदलायचं आणि मंगळवारी संध्याकाळी रेती तपकिरी, पुढे दहाएक दिवसांत फिकट व्हायला लागलं की मी परत पाणी बदलायचो, की परत तपकिरी. मला वाटलं घाण झालीय म्हणून पाणी बदलतोय, प्रत्यक्षात पाणी बदलतोय म्हणून घाण होत होती, हे कळायला मला दीड महिना लागला.

मधल्या काळात केलेले उद्योग थोडक्यात. तीन दिवस टँकला काळा कपडा गुंडाळून ब्लॅकआउट केला, गेलं, पाचव्या दिवशी आलं, ही तिसरी फेरी. डायटम कमी उजेडातही बऱ्यापैकी भागवतात आणि पाण्यातलं सिलिकेट कुठे गेलेलं नसतं, त्यामुळे याचा उपयोग नाही. दुकानदाराने एक शेवाळ मारायचं औषध दिलं, त्याने स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र) असा फेसाळला की कप भरून फर्निचरवर पाणी, आणि शेवाळ होतं तिथेच. रेती बदलून टाकायचा सल्ला दोघांनी दिला, सिलिका सँड असेल म्हणून. माझी अॅरागोनाइट (म्हणजे चुन्याची, सिलिकाची नव्हे) होती, पण नसती तरी बदलली नसती. क्वार्ट्झची रेती पाण्यात इतकी हळू विरघळते की पुन्हा पुन्हा येणाऱ्या डायटमचा दोष तिच्यावर टाकता येत नाही. नदीची काळी बांधकामाची रेती कुणी घातली असेल तर मात्र काढा, ती मरीनसाठी नाहीच.

मग पाण्याकडे वळलो. आमची सोसायटी पुण्याच्या पूर्वेला आहे, मार्चपर्यंत कॉर्पोरेशनचं पाणी बरं येतं आणि एप्रिलपासून टँकर. टँकर म्हणजे बहुतेक वेळा बोअरचं पाणी, आणि आपला अख्खा दख्खन बेसाल्टवर बसलाय. बेसाल्टमध्ये सिलिकेट खनिजं ठासून भरलेली असतात, जमिनीतून मुरणारं पाणी ती थोडी थोडी विरघळवत येतं, त्यामुळे बोअरच्या पाण्यात धरणाच्या पाण्यापेक्षा सिलिका सहसा जास्त. माझ्या दुसऱ्या फेरीची तारीख आणि सोसायटीच्या ग्रुपवरचा "आजपासून टँकर" हा मेसेज यात चार दिवसांचं अंतर होतं.

पण मी तर आरओचं पाणी वापरत होतो! हीच मुख्य चूक, आणि ती एकट्या माझी नसणार म्हणून सविस्तर सांगतो. किचनमधला पिण्याचा आरओ. दोनशे रुपयांचा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा) त्याच्या नळाखाली धरला तर ७८. सर्व्हिसला आलेल्या मुलाला विचारलं मेंब्रेन (आरओमधला गाळणारा पडदा) गेलीय का, त्याने पुढचं कव्हर काढलं, आत बारीकसा प्लास्टिकचा व्हॉल्व दाखवला आणि म्हणाला, "मेंब्रेन ठीक आहे सर, हा टीडीएस कंट्रोलर, ह्याने थोडं साधं पाणी मिक्स करतो, नाहीतर चव लागत नाही." म्हणजे मेंब्रेनने अडवलेलं पाणी एका बाजूने आणि मेंब्रेनला बगल देऊन आलेलं पाणी दुसऱ्या बाजूने, दोन्ही एकत्र. प्यायला उत्तम. टँकसाठी म्हणजे पुढच्या दाराला कुलूप लावून मागचं उघडं ठेवल्यासारखं. तुमच्या प्युरिफायरवर "मिनरल" असा काही शब्द असेल तर तुमच्याकडेही असलंच काहीतरी असणार, एकतर मिक्सिंग किंवा शेवटी मिनरल कार्ट्रिज. २० लिटरच्या पाण्याच्या जारचंही तेच, आत काय आहे ते तुम्हाला माहीत नाही.

हिशेब करून बघा. टँक तीन बाय दीड बाय दीड फूट, म्हणजे साधारण १९० लिटर, रॉक आणि रेती वजा जाता १६० धरू. समजा येणाऱ्या पाण्यात लिटरला २० मिलिग्रॅम सिलिका आहे. आठवड्याला २० लिटरचा एक कॅन बदलला की ४०० मिलिग्रॅम आत. आणि टॉप-अप? उन्हाळ्यात पंखा लावून ठेवला की रोज अडीच लिटर पाणी उडतं, उडतं ते नुसतं पाणी, सिलिका मागे राहते, आणि आपण परत अडीच लिटर तेच पाणी ओततो. आठवड्याला साडेसतरा लिटर, म्हणजे अजून ३५० मिलिग्रॅम. मी एकदा हट्टाने महिनाभर पाणी बदलायचं बंद केलं होतं तरी तपकिरी पूर्ण गेलं नव्हतं ते ह्यामुळे, टॉप-अपला मी हिशेबातच धरत नव्हतो. बदललेल्या पाण्याबरोबर निदान थोडं सिलिकेट बाहेर तरी जातं, टॉप-अपमधलं फक्त साठत जातं.

मुंबई-कोकणातले काही जण थेट समुद्राचं पाणी आणतात, त्यांच्यासाठी एक ओळ: किनाऱ्याजवळच्या आणि खाडीच्या पाण्यात नद्यांनी आणलेलं सिलिकेट असतं, पावसाळ्यात तर विचारूच नका. शिवाय सांडपाण्याचा भाग वेगळाच.

उपाय म्हणून टँकसाठी वेगळं आरओ-डीआय युनिट घेतलं. सेडिमेंट, कार्बन, मेंब्रेन आणि शेवटी डीआय रेझिन, म्हणजे उरलेले क्षार पकडणारे दाणे. कार्बन आधी हवाच, क्लोरीनने मेंब्रेन खराब होते. वाया जाणारं पाणी बरंच निघतं, ते ड्रममध्ये धरून फरशी आणि बाथरूमला वापरतो, टँकरच्या दिवसांत ते ओतून देणं जिवावर येतं. टीडीएस ०. नव्या पाण्यावर गेल्यावर लगेच काही फरक पडला नाही, तीनेक आठवडे तपकिरी येतच राहिलं पण दर वेळी थोडं कमी, आणि जूनच्या मध्यावर रेती पांढरी. मी फोटो काढून सगळ्यांना पाठवले.

ऑगस्टमध्ये चौथी फेरी आली.

डोक्याला हात लावला. मीटर लावला तर अजूनही ०, फार तर १. पाणी स्वच्छ, नायट्रेट ५ च्या आसपास, फॉस्फेट ०.०५, खाणं कमी, लाइट तोच. मग नीट वाचायला बसलो तेव्हा समजलं की टीडीएस मीटर सिलिका पकडतच नाही. तो मोजतो पाण्याची वीजवाहकता, म्हणजे विद्युतभार असलेले आयन. साध्या पीएचच्या पाण्यात सिलिका ही सिलिसिक अॅसिड म्हणून असते आणि तिच्यावर जवळजवळ भार नसतो, त्यामुळे मीटरला ती दिसत नाही. वर हीच गोष्ट रेझिनलाही लागू, रेझिन सिलिकाला धरतं पण अगदी सैल हाताने, आणि संपत आलं की सगळ्यात आधी जे सोडून देतं त्यात सिलिका. म्हणजे मीटर ० दाखवतोय, रेझिनचा रंगही पूर्ण बदललेला नाही आणि सिलिका मात्र सरळ आत चाललीय. ० बघून खूश होणाऱ्यांमध्ये मी पहिल्या रांगेत होतो.

सिलिकेटचं वेगळं टेस्ट किट मिळतं, थोडं महाग पडतं, पण ह्या एका प्रश्नासाठी दुसरा रस्ता नाही. निळा रंग जितका गडद तितकं सिलिकेट. मी टँकचं पाणी तपासत बसलो नाही, टँकमध्ये ते कमीच दिसतं कारण डायटमने आधीच उचललेलं असतं, टेस्ट करायची ती युनिटमधून निघालेल्या ताज्या पाण्याची. दोन ग्लास शेजारी ठेवले, एक नळाचं आणि एक डीआयचं, नळाचं शाईसारखं झालं आणि डीआयचं आकाशी. ते आकाशी यायलाच नको होतं.

आता माझ्याकडे डीआयचे दोन डबे एकामागे एक आहेत. पहिला सिलिका सोडायला लागला की दुसरा पकडतो, मधल्या पाइपला टी लावून तिथलं पाणी महिन्यातून एकदा किटने तपासायचं, निळं दिसलं की पहिला डबा फेकायचा, दुसरा पहिल्याच्या जागी आणि नवीन रेझिन दुसऱ्यात. टँकरच्या महिन्यांत रेझिन लवकर जातं हे गृहीत धरा. मेंब्रेन चांगली असेल तर बहुतेक सिलिका तीच अडवते, म्हणून मेंब्रेननंतरचा आणि नळाचा टीडीएस दोन्ही लिहून ठेवा, मेंब्रेननंतरचा आकडा हळूहळू चढायला लागला तर रेझिनवर पैसे घालण्याआधी मेंब्रेन बदला.

पाणी ठीक केल्यावर टँकमध्ये जे आधीच आहे ते काढायचं कसं, तर इथेही एक बारीक गोष्ट आहे. डायटम नुसतं घासून उडवलं आणि पाण्यात सोडून दिलं तर पेशी मरतात, डब्या हळूहळू विरघळतात आणि तेच सिलिकेट पुढच्या पिढीला मिळतं. म्हणून बाहेर काढा. मी पाणी बदलताना अर्ध्या इंची पाइपने रेतीचा फक्त वरचा थर ओढून घेतो, रेती खाली पडते आणि भुकटी बादलीत. खोलवर ढवळायचं नाही, नव्या टँकमध्ये तर अजिबात नाही. रॉकवरचं टूथब्रशने उडवतो, त्यावेळी पंप चालू आणि ओव्हरफ्लोमध्ये (टँकमधून पाणी बाहेर पडतं तिथे) फ्लॉस (गाळायचा कापूस) नवीन, आणि तो फ्लॉस दुसऱ्या दिवशी काढून टाकायचा. आठवडाभर तिथेच ठेवलेला फ्लॉस म्हणजे घाण फक्त एका खोलीतून दुसऱ्या खोलीत. आणि पंपाचं तोंड फिरवून बघा, माझ्याकडे डाव्या कोपऱ्यात पाणी हलतच नव्हतं आणि प्रत्येक फेरीत सुरुवात तिथूनच व्हायची.

जीएफओ, म्हणजे ते लोखंडाच्या गंजासारखे दाणे, सिलिकेटसुद्धा धरतात. चालतं. पण ते फॉस्फेटही ओढतात आणि नवीन टँकमध्ये फॉस्फेट शून्यावर नेलंत तर वर सांगितलेल्या डायनोला आमंत्रण. वापरायचंच असेल तर सांगितलेल्या मात्रेच्या निम्मं घ्या आणि दर दोन-तीन दिवसांनी फॉस्फेट बघा, किंवा सरळ टाकीत न वापरता टॉप-अपचं पाणी त्यातून सोडा.

गोगलगायींचं म्हणाल तर सेरिथ उत्तम, रेतीवर आणि काचेवर दोन्हीकडे चरतात. नॅसॅरियस शेवाळ खात नाहीत, ते मांसाहारी, उरलंसुरलं खाणं उचलतात, दुकानात मात्र दोन्ही "क्लीनिंग क्रू" म्हणून एकाच पिशवीत मिळतात. आणि डायटम जोरात आहे म्हणून एकदम वीस आणू नका, महिन्याने शेवाळ ओसरतं आणि पंधरा उपाशी मरतात, मग अमोनिया. मी चार आणले, नंतर दोन. किनाऱ्यावरच्या खडकांवरून उचलून आणायचा मोह होतो, मित्राने केलं ते, भरती-ओहोटीतले असल्याने सारखे पाण्याबाहेर चढायचे आणि एक दिवस सोफ्याखाली वासावरून सापडले.

पहिलीच फेरी असेल, टँक दोन महिन्यांच्या आतला असेल, अमोनिया आणि नायट्राइट शून्य असतील तर यातलं जवळपास काहीच करू नका. काच पुसा, खाणं आवरा, टॉप-अपचं पाणी कुठून येतंय तेवढं बघा आणि मासे खातायत-पितायत ना ते बघा, डायटमने त्यांना काही होत नाही. पाणी बदलल्याच्या दोन-तीन दिवसांत तपकिरी वाढतंय का हे मात्र कॅलेंडरवर खूण करून लिहा, लक्षात ठेवतो म्हणाल तर राहत नाही, मलाही दीड महिना त्यामुळेच लागला.

माझा टँक आता दीड वर्षाचा आहे. यंदाच्या एप्रिलमध्ये टँकर सुरू झाले तेव्हा आठ दिवस रोज सकाळी रेती बघत होतो, काही आलं नाही. मागच्या काचेवर एक फिकट तपकिरी पट्टा कायम असतो, तो मी पुसत नाही, सहाही सेरिथ रात्री तिथेच जेवायला असतात.